सिंदखेड राजा

सिंदखेड राजा : महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील एक इतिहासप्रसिद्ध गाव व त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. १६,४०० (२०११). हे जिल्ह्याच्या दक्षिण भागात, जालना शहराच्या ईशान्येस सु. ३३ किमी. अंतरावर, जालना–मेहकर रस्त्यावर वसलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातुःश्री जिजाबाई यांचे जन्मस्थान म्हणून ते महाराष्ट्रात सर्वत्र ज्ञात असून ‘मातृतीर्थ’ या नावानेही त्याचा उल्लेख होतो. तथापि जिजाबाईंच्या जन्माइतकेच या गावाचे दुसरेही एक महत्त्व आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील एका बलाढ्य मराठा देशमुख घराण्याच्या राजधानीची जवळजवळ सर्व अंगे—राजवाडा, कोट, देवालये, समाधी, तलाव व बारवा—येथे एकाच गावाच्या परिसरात अवशिष्ट राहिली आहेत. स्वराज्याच्या स्थापनेपूर्वी मराठा सरदारांचे सामर्थ्य कशावर उभे होते आणि ते किती अस्थिर होते, याची कल्पना या अवशेषांवरून व जाधव घराण्याच्या इतिहासावरून येते.

नाव व परिसर : शिंदीच्या झाडांवरून गावास सिंदखेड हे नाव पडले असावे, असा एक तर्क आहे. खेड हा ग्रामवाचक शब्द महाराष्ट्रात अनेक ग्रामनामांच्या अखेरीस आढळतो. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा, नांदेड जिल्ह्यातील माहूरजवळचे सिंदखेड इ. सारख्या नावांच्या गावांपासून हे वेगळे ओळखता यावे, म्हणून जाधव राजांचे गाव या अर्थी त्यास ‘राजा’ हे उपपद लागले. या परिसरातील देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा या गावांच्या नावांतही तेच उपपद आहे. जाधव घराण्याच्या शाखा ज्या ज्या गावी नांदल्या, त्या त्या गावाच्या नावात त्यांची आठवण अशा रीतीने टिकून राहिली.

बुलढाण्याच्या पठाराचा हा दक्षिणेकडील भाग बेसाल्ट खडकाचा बनलेला असून त्यावर काळ्या मातीचा कमीअधिक जाडीचा थर आहे. पूर्णा (खडकपूर्णा) ही गोदावरीच्या खोऱ्यातील नदी या प्रदेशातून वाहते. पाऊस मध्यम व बेभरवशाचा असल्यामुळे विहिरी व तलाव यांवाचून येथे मोठी वस्ती टिकणे कठीण होते. येथील जुन्या बांधकामांत जलाशयांना एवढे मोठे स्थान मिळालेले आहे, ते यामुळेच. कापूस, ज्वारी, तूर, हरभरा ही या भागातील जुनी पिके असून अलीकडच्या दशकांत सोयाबीनचे क्षेत्र पुष्कळ वाढले आहे.

प्राचीन अवशेष : जाधवांच्या पूर्वीही सिंदखेड हे वसलेले ठिकाण होते, हे येथील देवालयांवरून स्पष्ट होते. नीळकंठेश्वर व रामेश्वर ही दोन शिवमंदिरे हेमाडपंती बांधणीची आहेत. घडीव दगडांचे थर चुन्याच्या साहाय्यावाचून एकमेकांत बसवून उभारलेल्या, प्रामुख्याने यादवकाळातील व त्याच्या आगेमागच्या काळातील मंदिरांना महाराष्ट्रात ही संज्ञा रूढ आहे. यादवांचे राजधानीचे ठिकाण देवगिरी (दौलताबाद) येथून फार दूर नाही. जिल्ह्यातीलच लोणार येथील दैत्यसूदन मंदिरही या भागातील मध्ययुगीन मंदिरवास्तूची समृद्धी दर्शविते. या पूर्वपरंपरेला २०२४ मध्ये सिंदखेड राजा येथेच सापडलेल्या अवशेषांनी नवी पुष्टी मिळाली. त्यांचा तपशील पुढे दिला आहे.

जाधव घराण्याचा उदय : सिंदखेडचे जाधव स्वतःस देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या आरंभी लयास गेल्यानंतर हा प्रदेश क्रमाने दिल्लीचे सुलतान, बहमनी व पुढे इमादशाही आणि निजामशाही या सत्तांच्या ताब्यात गेला. सत्ता बदलल्या, तरी गावपातळीवरील व परगण्यातील कारभार बहुतांशी स्थानिक वतनदारांच्याच हाती राहिला. परगण्याचा वसूल गोळा करणे, लागवड वाढविणे, शांतता राखणे व प्रसंगी शिबंदीसह सरकारच्या मदतीस जाणे ही देशमुखाची कर्तव्ये असत. त्याबद्दल त्याला वसुलातील ठरावीक हिस्सा, इनाम जमिनी व मानपान मिळत. हे वतन वंशपरंपरेने चाले. त्यामुळे देशमुखी मिळणे म्हणजे त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या पाय रोवण्याची संधी मिळणे होय.

स्थानिक परंपरेनुसार सिंदखेडची देशमुखी पूर्वी मुळे या घराण्याकडे होती व अंतर्गत कलहात त्या घराण्याचा उच्छेद झाल्यानंतर ती लखुजी जाधवांकडे आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लखुजी हे अहमदनगरच्या निजामशाहीतील प्रमुख मराठा सरदारांपैकी एक बनले होते. देशमुखीचे वतन, निजामशाहीची जहागीर आणि पदरी मोठे घोडदळ ही त्यांच्या सामर्थ्याची तीन अंगे होती. सिंदखेडची भरभराट त्यांच्याच काळात झाली. राजवाडा, तलाव, मंदिरांचा जीर्णोद्धार इ. कामांपैकी बरीचशी परंपरेने त्यांच्या व त्यांच्या लगतच्या पिढ्यांच्या नावावर सांगितली जातात.

जिजाबाई : लखुजी व म्हाळसाबाई ऊर्फ गिरिजाबाई यांची कन्या जिजाबाई यांचा जन्म सिंदखेड येथे पौष पौर्णिमा शके १५१९, म्हणजे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला, असे मानले जाते. दत्ताजी, अचलोजी, राघोजी व बहादुरजी हे त्यांचे बंधू होत. वेरूळच्या भोसले घराण्यातील मालोजींचे पुत्र शहाजी यांच्याशी त्यांचा विवाह सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात वा त्यानंतर लवकरच झाला. त्याच्या नेमक्या वर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. या विवाहासंबंधी बखरींनी एक प्रसिद्ध कथा सांगितली आहे. रंगपंचमीच्या दिवशी लखुजींच्या घरी शहाजी व जिजाबाई ही मुले परस्परांवर रंग उडवीत असता लखुजींनी कौतुकाने जोडा शोभतो असे म्हटले आणि मालोजींनी तेच बोलणे सोयरिकीचा शब्द म्हणून उचलून धरले, असा तिचा आशय आहे. ही कथा उत्तरकालीन असून तिला समकालीन आधार नाही. तरी त्या काळी जाधवांच्या तुलनेत भोसल्यांचे घराणे नव्याने पुढे येत होते, ही वस्तुस्थिती तिच्यामागे आहे.

पुढे या दोन घराण्यांत वैर उत्पन्न झाले. कवींद्र परमानंदाच्या *शिवभारत* या संस्कृत काव्यात त्याची हकीकत आली आहे. निजामशहाच्या दरबारातून सरदार बाहेर पडत असता खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून निघालेल्या चकमकीत जाधव एका बाजूस व भोसले दुसऱ्या बाजूस झाले. शहाजींचे चुलतभाऊ संभाजी यांच्या हातून लखुजींचे पुत्र दत्ताजी मारले गेले. ते कळताच परत फिरलेल्या लखुजींनी संभाजींस ठार केले व शहाजीही या झटापटीत जखमी झाले. माहेर व सासर यांच्या या संघर्षात जिजाबाईंची स्थिती किती कठीण झाली असेल, याची कल्पना करता येते.

दरबारी राजकारण आणि १६२९ चा घात : सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीची सूत्रे मलिक अंबर या कर्तबगार मंत्र्याकडे होती. त्याच्याशी बिनसल्यामुळे लखुजी मोगलांकडे वळले. अब्दुल हमीद लाहोरी याच्या *पादशाहनामा* या ग्रंथानुसार लखुजी, त्यांचे पुत्र, नातू व इतर आप्त यांना मिळून मोगलांकडून २४,००० जात व १५,००० स्वार इतकी मनसब मिळाली होती. मनसब म्हणजे मोगल सेवेतील दर्जा. जात या आकड्यावरून मनसबदाराचा मान व वेतन ठरे, तर स्वार या आकड्यावरून त्याने बाळगावयाच्या घोडदळाची संख्या ठरे. एका मराठा कुटुंबास एवढा दर्जा देण्याची मोगलांची तयारी होती, यावरून दक्षिणेच्या राजकारणात सिंदखेडकर जाधवांचे वजन किती होते, हे दिसून येते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत लखुजी मोगलांच्या पक्षात, तर त्यांचे जावई शहाजी निजामशाही सैन्यात होते.

१६२६ मध्ये मलिक अंबराचा मृत्यू झाल्यानंतर लखुजी पुन्हा निजामशाहीत परतले. परंतु मुर्तझा निजामशहा दुसरा याचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी, श्रावणी पौर्णिमेस, दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या भेटीस गेले असता लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव या चौघांची दग्याने हत्या करण्यात आली. लखुजींच्या पत्नी गिरिजाबाई उरलेल्या मंडळींसह दौलताबादहून निसटून सिंदखेडला आल्या. लखुजींचे बंधू जगदेवराव व पुत्र बहादुरजी यांनी त्यानंतर मोगलांचा आश्रय घेतला. या हत्याकांडानंतर शहाजींनीही निजामशाहीची नोकरी सोडली. पुढील सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

सिंदखेडच्या इतिहासातील ही निर्णायक घटना होय. स्वतःचे वतन, मोठी फौज व दोन राजसत्तांची मर्जी एवढे सर्व असूनही मराठा सरदाराचे जीवित सुलतानाच्या संशयावर अवलंबून होते, हे तिने दाखवून दिले. वडील, दोन भाऊ व भाचा यांना एकाच दिवशी गमावलेल्या जिजाबाईंच्या मनावर तिचा खोल परिणाम झाला असला पाहिजे, असे अनेक इतिहासकारांनी म्हटले आहे. शिवाजी महाराजांना त्यांनी जे शिक्षण दिले, त्याची पार्श्वभूमी समजून घेताना सिंदखेड व दौलताबाद ही दोन्ही स्थळे विचारात घ्यावी लागतात. जिजाबाई १७ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे मृत्यू पावल्या. तेथे त्यांची समाधी आहे.

उत्तरकाल : सिंदखेडचे जाधव यानंतर मुख्यत्वे मोगलांच्या सेवेत राहिले, तर घराण्याची एक शाखा मराठ्यांच्या राज्यात उदयास आली. अचलोजींच्या वंशातील धनाजी जाधव हे राजाराम महाराजांच्या काळात सेनापती झाले व औरंगजेबाविरुद्धच्या युद्धात त्यांनी मोठे नाव मिळविले. धनाजींच्या मृत्यूनंतर (१७०८) त्यांचे पुत्र चंद्रसेन यांना सेनापतिपद मिळाले. परंतु छत्रपती शाहूंशी व बाळाजी विश्वनाथ यांच्याशी न पटल्यामुळे ते १७११ मध्ये शाहूंचा पक्ष सोडून गेले व पुढे निजामाच्या आश्रयास राहिले.

अठराव्या शतकात सिंदखेडच्या परिसरात दक्षिणेच्या इतिहासाला वळण देणाऱ्या दोन लढाया झाल्या. पहिली सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्क व मोगलांचा दख्खनचा सुभेदार मुबारिझखान यांच्यात झाली. मुबारिझखान तीत मारला गेला. या लढाईत निजामाला पहिल्या बाजीरावाचे साहाय्य मिळाले होते. विजयाप्रीत्यर्थ निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले. मात्र लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. हैदराबादच्या निजामशाहीची स्वतंत्र सत्ता या लढाईपासून धरली जाते. दुसरी लढाई डिसेंबर १७५७ मध्ये खुद्द सिंदखेड येथे झाली. चंद्रसेनांचे पुत्र रामचंद्र जाधव निजामाच्या बाजूने असता दत्ताजी शिंदे यांच्या फौजेने त्यांना सिंदखेडमध्ये कोंडले. नानासाहेब पेशव्यांचे पुत्र विश्वासराव या मोहिमेत नाममात्र सेनाप्रमुख होते. रामचंद्र जाधवांना सोडविण्यासाठी निजामअली मोठे सैन्य घेऊन आला. परंतु त्याचा पराभव झाला. त्यानंतरच्या तहात निजामाला २५ लाख उत्पन्नाचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला मराठ्यांना द्यावा लागला. वारंवार होणारी सैन्यांची ये-जा व वेढे यांमुळे मात्र गावाची हानी झाली. १८०३-०४ मध्ये दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी या भागात असलेला इंग्रज सेनापती सर आर्थर वेलस्ली याच्या पत्रव्यवहारात सिंदखेडच्या आसपासची उपासमार व लुटारूंचा उपद्रव यांचे उल्लेख आहेत.

१८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेला. जाधवांचे उरलेसुरले सामर्थ्य १८५१ मध्ये संपुष्टात आले. त्यांच्या पदरच्या अरब शिबंदीची व हैदराबाद कंटिंजंटची त्या वर्षी लढाई झाली व त्यानंतर घराण्याचे वतन जप्त करण्यात आले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. या काळात प्रशासन व व्यापार यांची केंद्रे बुलढाणा, खामगाव, मलकापूर या गावांकडे सरकली. लोहमार्गही जिल्ह्याच्या उत्तर भागातून गेला. त्यामुळे सिंदखेड एक शांत कृषिग्राम बनले. नव्या बांधकामाचा रेटा फारसा न आल्याने जुन्या वास्तू पाडल्या गेल्या नाहीत. परंतु आश्रयदाते न उरल्यामुळे त्यांची डागडुजीही झाली नाही.

वास्तू : राजवाडा. गावातील सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे लखुजींचा राजवाडा. तो मुख्य रस्त्यालगत आहे. त्याचे उंच दर्शनी प्रवेशद्वार व दगडी भिंतींचा काही भाग सुस्थितीत आहे. आतील इमारतींची बहुतेक पडझड झाली असून जोती, तळघरे व काही खोल्या अवशिष्ट आहेत. त्यांपैकी म्हाळसामहाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात जिजाबाईंचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. दर्शनी भागाची बांधणी वाड्यापेक्षा गढीला अधिक जवळची आहे. निवास, कचेरी व संरक्षण ही तिन्ही प्रयोजने एकाच वास्तूने साधण्याची देशमुखांची रीत तीत दिसते. वाड्यासमोर नगरपरिषदेने उद्यान केले आहे.

रंगमहाल, साकरवाडा व काळाकोट. रंगमहाल ही वास्तू वर उल्लेखिलेल्या रंगपंचमीच्या प्रसंगाशी लोकपरंपरेने जोडली गेली आहे. साकरवाड्याचा परकोट सु. १२ मी. उंच आहे. त्यास भव्य प्रवेशद्वार असून तटावर पहारेकऱ्यांसाठी फिरता मार्ग ठेवला आहे. आत विहीर व तळघरे आहेत. वेढा पडला असता पाणी व धान्य यांची सोय आतच असावी, हा या रचनेचा हेतू स्पष्ट दिसतो. काळाकोट हा काळ्या पाषाणात बांधलेला भुईकोट असून त्याच्या भिंतींची रुंदी व उंची प्रत्येकी सु. ६ मी. आहे. तो जगदेवराव जाधवांच्या काळातील असल्याचे सांगतात. १६२९ च्या अनुभवानंतर घराण्यास संरक्षणाची चिंता अधिक वाटू लागली असल्यास त्यात नवल नाही.

समाधी. दौलताबाद येथे मारल्या गेलेल्या लखुजींची व त्यांच्या कुटुंबीयांची समाधी गावात आहे. ही भव्य दगडी वास्तू असून तिच्यावर तत्कालीन दख्खनी वास्तुशैलीची छाप आहे. मराठा सरदारांच्या त्या काळातील समाधिवास्तूंत ती मोठ्या वास्तूंपैकी एक गणली जाते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यातर्फे तिच्या जतनाचे काम चालू असता २०२४ मध्ये लगतच्या जागेत जुन्या बांधकामाचे दगड आढळले. उत्खननाअंती तेथे एका प्राचीन शिवमंदिराचा पायाकडील भाग उघडकीस आला. त्याच परिसरात जून २०२४ मध्ये शेषशायी विष्णूची एक अखंड शिल्पाकृती सापडली. तिची लांबी सु. १·७ मी. व उंची सु. १ मी. आहे. विष्णू शेषावर पहुडलेला असून लक्ष्मी त्याचे पाय चुरीत आहे. त्याखाली समुद्रमंथनाचा प्रसंग कोरलेला आहे. कोरीव काम सूक्ष्म असून दगड या भागात विपुल असणाऱ्या बेसाल्टहून वेगळा, मऊ जातीचा आहे. त्यामुळे हे शिल्प किंवा त्याचा दगड बाहेरून आणला गेला असावा. जाधवांची राजधानी एका जुन्या देवस्थानाच्या परिसरात वसली होती, हे या शोधाने निश्चित झाले.

मंदिरे. नीळकंठेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार लखुजींनी केला व त्यासंबंधीचा शिलालेख तेथे आहे. लखुजींच्या कार्याचा हा प्रत्यक्ष पुरावा असल्यामुळे गावातील इतर परंपरागत माहितीच्या तुलनेत त्याचे मोल अधिक आहे. मंदिरासमोर दगडी पायऱ्यांनी चारही बाजूंनी बांधून काढलेली चौकोनी बारव आहे. रामेश्वर मंदिर हे गावातील दुसरे जुने शिवालय होय.

जलव्यवस्था : सिंदखेडच्या वास्तूंत जलाशयांचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. मोती तलाव हा त्यांतील सर्वांत मोठा. त्याचा बांध गावाच्या बाजूने एखाद्या किल्ल्याच्या तटासारखा दगडांत बांधलेला आहे. पाण्याचा दाब सहन करणे हे बांधाचे काम असले, तरी त्याच्या दर्शनी भागाला वास्तुशोभाही देण्यात आली आहे. या तलावातून भूमिगत नळांनी गावास पाणी पुरविले जाई. उंचावरील साठ्यातून उताराच्या आधारे बंदिस्त नळांनी वस्तीत पाणी आणण्याची ही पद्धत दख्खनमध्ये अहमदनगर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या शहरांतही वापरली गेली होती. निजामशाही राजधानीतील हे तंत्र एका देशमुखाच्या गावीही अवलंबिले गेले, ही लक्षणीय गोष्ट होय. चांदणी तलाव हा दुसरा मोठा जलाशय. त्याच्या मध्यभागी पाण्यात तीन मजली इमारत बांधलेली आहे. पाणी वाढले की तिचा खालचा भाग बुडतो.

तलावांखेरीज गावात बारवाही आहेत. बारव म्हणजे पाण्यापर्यंत उतरण्यासाठी पायऱ्या असलेली बांधीव विहीर. मोट वा रहाटाची गरज न पडता कोणत्याही ऋतूत पाण्यापर्यंत जाता यावे, अशी तिची रचना असते. पुतळाबारवेच्या बांधकामात अनेक मूर्ती असल्याने तिला हे नाव पडले. सजनाबारव ही दुसरी उल्लेखनीय बारव आहे. पाणलोटातील पाणी तलावात अडवावे, तलावाच्या पाझराने खालच्या अंगाच्या विहिरी व बारवा भराव्यात आणि नळांनी वस्तीस पाणी द्यावे, अशा परस्परांस पूरक रचनेवर जुन्या सिंदखेडचे जीवन अवलंबून होते. सत्तेच्या खुणा असलेले वाडे ओसाड पडल्यानंतरही तलाव व विहिरी लोकांच्या उपयोगी पडत राहिल्या. घराण्याची सत्ता संपल्यावर गाव उठून गेले नाही, यात या जलव्यवस्थेचा वाटा मोठा असला पाहिजे.

जतन : येथील अनेक वास्तू राज्य शासनाने संरक्षित स्मारके म्हणून घोषित केल्या असून त्यांची देखभाल राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. गावाच्या विकासासाठी शासनाने आराखडाही तयार केला आहे. तथापि स्मारके वस्तीत विखुरलेली असल्यामुळे त्यांच्या जतनाचा प्रश्न अवघड आहे. राजवाडा हे श्रद्धास्थान असल्यामुळे तेथे लोकांचे लक्ष असते. तेवढे लक्ष बारवा, भूमिगत नळ व तलावांचे बांध यांकडे जात नाही. वास्तविक गाळ काढणे, बांधावर उगवलेली झाडे काढणे, नळांचे मार्ग शोधून त्यांची नोंद करणे ही कामे वेळीच झाली नाहीत, तर भिंती उभ्या राहूनही जुन्या गावाची रचना कायमची अनाकलनीय होईल. २०२४ मधील शोधामुळे जमिनीखालील अवशेषांच्या पद्धतशीर पाहणीचीही निकड लक्षात आली आहे. जीर्णोद्धार करताना मूळ बांधणीचे साहित्य व पद्धत कायम राखणे आणि परंपरेने सांगितली जाणारी माहिती व शिलालेखादी पुराव्यांनी सिद्ध होणारी माहिती यांतील भेद माहितीफलकांतून स्पष्ट करणे, या गोष्टी अशा स्थळी विशेष आवश्यक असतात.

उत्सव व आसपासची स्थळे : दरवर्षी १२ जानेवारीस जिजाबाईंचा जन्मोत्सव साजरा होतो. पहाटे राजवाड्यातील जन्मस्थानी जाधव घराण्याचे वंशज पूजा करतात. महाराष्ट्राच्या सर्व भागांतून या दिवशी मोठा जनसमुदाय येथे लोटतो. गावाजवळ मराठा सेवा संघाने ‘जिजाऊ सृष्टी’ हा स्मारक-प्रकल्प उभारला असून जन्मोत्सवाची मुख्य सभा तेथे भरते. व्याख्याने, शाहिरी कार्यक्रम व पुस्तकविक्री ही या उत्सवाची अंगे होत. स्त्रियांची उपस्थितीही मोठी असते.

जवळच्या स्थळांत देऊळगाव राजा हे जाधवांच्या आश्रयाने वाढलेले गाव असून तेथील बालाजीचे देवस्थान प्रसिद्ध आहे. आश्विनातील त्याच्या यात्रेत होणारा लाठा मंडपोत्सव पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते. पूर्वेकडील मेहकर येथे शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती व लोणार येथे उल्कापाताने निर्माण झालेले खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. सिंदखेड राजास सर्वांत सोयीचे रेल्वेस्थानक जालना हे असून मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो. लोणारचे सरोवर व वेरूळ-अजिंठ्याची लेणी यांच्या दरम्यानच्या प्रवासात हे गाव सहज लागते. राजवाडा पाहून परतण्याची प्रवाशांची नेहमीची रीत असली, तरी समाधी, नीळकंठेश्वर मंदिर व मोती तलाव यांसह ते पाहिल्यास सतराव्या शतकातील मराठा राजधानीचे संपूर्ण चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.